जुन्या गाडीतली विजेची वाट

इंजेक्शनची पेट्रोल गाडी अचानक बंद पडते तेव्हा टाकीत पेट्रोल असते, प्लग धड असतात, इंजिनाच्या पोटातही सहसा काही मोडलेले नसते. अडलेली असते ती वीज. मारुती ८००, झेन, ऑल्टो, वॅगन आर, सँट्रो अशा २००० सालाच्या आगेमागे निघालेल्या गाड्यांत टाकीतले पेट्रोल पुढे ढकलणारा पंप विजेवर फिरतो, ते सिलिंडरच्या तोंडाशी फवारणारा इंजेक्टर विजेने उघडतो, ठिणगी विजेची असते आणि या सगळ्यांना वेळ सांगणारी संगणकाची पेटी, म्हणजे मिस्त्री मंडळींचा ‘इसीएम’, तीही विजेवरच चालते. कार्ब्युरेटरच्या गाडीला ठिणगीपुरती वीज मिळाली की पुढचे काम इंजिनाची ओढ उरकून घेई. इंजेक्शनच्या गाडीत बॅटरीतून निघालेली वीज फ्यूज, रिले, कपलर आणि वायरी ओलांडून कामाच्या जागी पोचली पाहिजे आणि तिथून पत्र्यावाटे बॅटरीत परत आली पाहिजे. जाण्याची वाट सगळे तपासतात. येण्याची वाट बहुतेकांच्या नजरेतून सुटते, आणि जुन्या गाड्यांचे पुष्कळसे हाल तिथेच होतात.

ही व्यवस्था भारतात रुजली ती हवेच्या काळजीतून. इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे पेट्रोल इंजेक्शन मोठ्या संख्येने रस्त्यावर आले ते १९६७ साली, फोक्सवॅगन १६०० या गाडीत बसवलेल्या बॉशच्या डी-जेट्रॉनिकमुळे. भारतात डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० बाहेर पडली तेव्हा तिला कार्ब्युरेटरच होता, आणि पुढची पंधरा-सोळा वर्षे तो राहिला. २९ एप्रिल १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात विकायच्या खासगी गाड्यांना १ जून १९९९ पासून युरो एक आणि १ एप्रिल २००० पासून युरो दोन ही धुराची मानके लावली. वजनाने १४.७ भाग हवा आणि एक भाग पेट्रोल, या प्रमाणाच्या अगदी जवळ इंजिन ठेवले तरच धुराड्यातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर विषारी वायू नीट मारतो. कार्ब्युरेटरला इतकी बारकाई जमत नाही. मग एमपीएफआय, म्हणजे मल्टिपॉइंट फ्युएल इंजेक्शन, ही अक्षरे गाडीच्या पाठीवर मिरवू लागली. सँट्रो १९९८ मध्ये इंजेक्शन घेऊनच आली होती, मारुती ८०० ला ते २००० साली मिळाले. युरो दोनच्याच तोडीची भारत स्टेज दोन ही पातळी १ एप्रिल २००५ पासून सगळ्या देशाला लागू झाली. जानेवारी २०१४ मध्ये मारुती ८०० चे उत्पादन थांबले, तरी तिच्या पिढीतल्या गाड्या रस्त्यावर आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच आता खेड्यांत आहेत.

सिंदफणेच्या काठचे शिरूर कासार हे अशा गाड्यांचे उतारवयातले गाव म्हणता येईल. बीड जिल्ह्याचा हा तालुका कोरडवाहू शेतीचा आणि ऊसतोडीचा. तालुक्यात रेल्वे आली तीही अगदी अलीकडे, त्यामुळे प्रवास एसटीचा, काळ्यापिवळ्या जीपचा किंवा स्वतःच्या वाहनाचा. पुण्या-पिंपरीत दहा-बारा वर्षे वापरून झालेली, एमएच १२ किंवा एमएच १४ पाटीची छोटी गाडी इथल्या शिक्षकाच्या, कृषी सेवा केंद्राच्या मालकाच्या, टोळीच्या मुकादमाच्या दारात येते. ती दवाखान्याला लागते, लग्नाला लागते, कापसाच्या पट्टीचे पैसे आणायला लागते. शहरात सावलीत उभी राहिलेली तीच गाडी इथे चैत्र-वैशाखात चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात तापते, काळ्या मातीची धूळ खाते आणि पहिल्या पावसात कपलरांत ओल धरते. वायरीचे वेष्टण कडक होते, रबरी सील आक्रसतात, तांब्यावर हिरवट क्षार चढतो.

तालुक्याच्या गॅरेजांना वळण लावले ते ट्रॅक्टर, कमांडर जीप आणि ट्रॅक्स यांनी. यांत्रिक पंपाच्या डिझेल इंजिनाला वीज लागते ती सेल्फ फिरवायला आणि दिवे लावायला. धक्का मारून ते एकदा चालू झाले की बॅटरीशिवायही शेतातून घरी येते. या कामात मुरलेल्या मिस्त्रीचा कान तीक्ष्ण असतो. टॅपेटचा आवाज, बेअरिंगची घरघर, पंपातली हवा त्याला दुरून कळते. विजेला मात्र आवाज नसतो. म्हणून इंजेक्शनची गाडी समोर आली की प्लग बदलले जातात, मग फिल्टर, मग टाकीतली मोटर, मग एखादा सेन्सर. विजेचा पार्ट एकदा डबीतून काढला की दुकानदार तो सहसा परत घेत नाही, आणि तो बीडहून किंवा अहिल्यानगरहून आणावा लागतो. चुकलेल्या प्रत्येक अंदाजाची किंमत मालक भरतो, आणि या तालुक्यात ती किंमत बहुधा कापसाच्या किंवा ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेल्या उचलीच्या पैशातून जाते. मोजून काम करण्याचा आग्रह यासाठीच धरला पाहिजे. त्यासाठी लागणारी हत्यारेही थोडी आहेत: एक डिजिटल मल्टिमीटर, इंडिकेटरच्या २१ वॅटच्या बल्बला दोन वायरी जोडून केलेला टेस्ट लॅम्प, एक एलईडी टेस्टर आणि गाडीचा वायरिंग नकाशा.

नकाशा हाती घेण्याआधी व्यवस्थेची बांधणी समजलेली असावी. चावी ऑन केली की मेन रिले ओढला जातो आणि इसीएमला बॅटरीची वीज मिळते. इसीएम आपल्या पोटात ५ व्होल्टचा स्थिर पुरवठा तयार करतो आणि तो सेन्सरांना देतो. पाण्याचे तापमान, थ्रॉटलची उघडीप, मॅनिफोल्डमधला दाब, क्रँकची जागा, धुरातला ऑक्सिजन अशा बातम्या सेन्सर परत पाठवतात. त्यांवरून इसीएम ठरवतो की इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा. इंजिन मोकळे फिरत असताना ही वेळ जेमतेम दोन-तीन मिलिसेकंद असते. इंजेक्टरला १२ व्होल्टची वायर कायम जोडलेली असते; इसीएम उघडतो-मिटतो ती त्याची अर्थाकडची, म्हणजे परतीच्या वाटेची, बाजू. पंपाच्या आणि इतर कित्येक रिलेंची कॉइलही अशीच अर्थाच्या बाजूने चालवली जाते. ही एक गोष्ट पक्की झाली की नकाशा वाचणे सोपे होते, कारण ‘पॉझिटिव्ह येतोय, मग चालत का नाही’ या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा तिथेच असते.

पहिली तपासणी मालकाच्या बोलण्याची. ‘सेल्फ फिरतो पण गाडी चालू होत नाही’ आणि ‘सेल्फच उचलत नाही’ या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, तरी दोन्हींना ‘गाडी चालू होत नाही’ असेच म्हटले जाते. बिघाड थंड इंजिनात येतो की तापल्यावर, पावसात येतो की कोरड्यात, खड्ड्यात चाक आपटल्यावर गाडी झटका देते का, त्याआधी कोणी टेप बसवला होता का, गाडी धुतली होती का, हे विचारण्यात दहा मिनिटे गेली तर पुढचे दोन तास वाचतात. घाईत असलेला मालक हे आपणहून सांगत नाही. त्याला बसवून विचारावे लागते.

मग बॅटरी. सहा कोठ्यांची, प्रत्येक कोठीत सुमारे २.१ व्होल्ट, म्हणजे भरलेली आणि काही तास शांत राहिलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ ला ती अर्धी झालेली असते, १२ च्या खाली ती उतरलीच असे समजावे. पण शांत बॅटरीचा आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. सेल्फ मारताना तो ९.६ च्या खाली कोसळत असेल, तर एखादी कोठी गेली आहे किंवा प्लेटा मेल्या आहेत. छोट्या गाडीच्या सेल्फला शंभर-दीडशे अँपिअर लागतात. तो ओढत असताना वीज इतकी पडते की इसीएमच क्षणभर झोपतो. सेल्फ गरगर फिरतो, दिवेही लागतात, तरी इंजिन पेट घेत नाही. कार्ब्युरेटरच्या काळात ‘सेल्फ फिरतोय ना, मग बॅटरी चांगली आहे’ हा निर्वाळा चालून जाई. आता तो चालत नाही. टर्मिनलवरची पांढरी पूड गरम पाण्याने आणि खाण्याच्या सोड्याने धुवावी, खांब आणि कड्या आतून घासाव्यात आणि मगच मोजमाप सुरू करावे.

यानंतर येते ती या कामातली सर्वांत मोलाची चाचणी, आणि सर्वांत कमी केली जाणारी. तिचे नाव व्होल्टेज ड्रॉप. मल्टिमीटरची एक सळई बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर टेकवायची आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचे. परतीची वाट चांगली असेल तर मीटर ०.२ व्होल्टच्या आत राहतो. अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर इंजिन ते बॅटरी या वाटेत कुठेतरी गंज आहे. ओहम मोजून हा दोष सापडत नाही. ०.०१ ओहमचा अडथळा साध्या मीटरला दिसतच नाही, पण १२० अँपिअर वाहताना तो १.२ व्होल्ट खातो. हीच चाचणी पॉझिटिव्ह बाजूने, बॅटरीचा खांब ते सेल्फचा बोल्ट अशी करता येते.

वायरीतली वीज काम करत असतानाच मोजायची, हा नियम सगळ्या गाडीला लागू आहे. दहा तारांच्या वायरीतल्या नऊ तारा तुटून एक उरली तरी मल्टिमीटर तिथे पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही. ठिबकचा फिल्टर चोंदलेला असला तरी शेतातले सगळे कॉक बंद असताना गेज पूर्ण दाब दाखवते आणि कॉक उघडताच काटा खाली येतो, तसेच हे आहे. म्हणून पंपाच्या कपलरवर मीटर लावून समाधान मानू नये. तिथे २१ वॅटचा बल्ब लावावा. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो. बल्ब लख्ख लागला तर वाट मोकळी, मिणमिणला तर मागे कुठेतरी अडथळा. मात्र हाच बल्ब इसीएमकडून येणाऱ्या बारीक वायरींना कधीही लावू नये. त्या मिलिअँपिअरच्या वाटा आहेत. बल्बाच्या भाराने पेटीतला ट्रान्झिस्टर जळू शकतो. तिथे एलईडी टेस्टर किंवा मीटरच हवा.

इंजिनाला बॉडीशी जोडणारी विणलेली पट्टी तुटली किंवा गंजली तर काय होते हे जुन्या मिस्त्रींनी पाहिलेले असते. सेल्फची वीज परतायला दुसरी वाट शोधते आणि अॅक्सिलरेटरच्या किंवा क्लचच्या केबलमधून जाते. केबल तापून तिचे वेष्टण वितळते. केबल बदलली जाते, महिन्याभराने पुन्हा जळते, आणि पट्टीकडे कोणी बघत नाही. याहून सूक्ष्म हाल सेन्सरांचे होतात. पाण्याच्या तापमानाचा सेन्सर थंडीत जास्त ओहम दाखवतो आणि गरम झाला की कमी: वीस अंशाला दोन-अडीच हजार ओहम, ऐंशीला सुमारे तीनशे. त्याच्या परतीच्या वायरीत गंजाचा अडथळा आला की तो अडथळा सेन्सरच्या ओहममध्ये मिसळतो आणि इसीएमला वाटते की इंजिन अजून थंडच आहे. तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. धूर काळा येतो, प्लग काजळतात, अॅव्हरेज घसरते, आणि इंजिन उतरवण्याची भाषा सुरू होते. बॉडीला बसलेले दोन-तीन अर्थाचे बोल्ट उघडून, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने काढून, परत आवळणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. ते पहिल्या दिवशी व्हायला हवे. होते ते महिन्याभराने, सगळे पार्ट बदलून झाल्यावर.

सेल्फ नीट फिरत असेल आणि तरी गाडी चालू होत नसेल, तर क्रम ठरलेला आहे. चावी ऑन करून डॅशबोर्ड बघावा. इंजिनाचे चित्र असलेला चेक लाइट लागला पाहिजे. तो लागलाच नाही तर इसीएमला वीज नाही किंवा अर्थ नाही, आणि मेन रिले व त्याचा फ्यूज येथून सुरुवात करावी. लाइट लागला, तर मागच्या बाजूला कान देऊन टाकीतल्या मोटरची दोन-तीन सेकंदांची घूं ऐकू येते का ते बघावे. आवाज नसेल तर हॉर्नचा रिले त्याच मापाचा असेल तेव्हा तो पंपाच्या जागी बसवून क्षणात खात्री होते. आवाज येतो, पण गाडी उठत नाही, तर पेट्रोलचा दाब, ठिणगी आणि इंजेक्टरचे ठोके या तीन गोष्टी बघायच्या. इंजेक्टरच्या कपलरला एलईडी टेस्टर लावून सेल्फ मारला की तो लुकलुकला पाहिजे. ठिणगीही नाही आणि लुकलुकही नाही, असे दोन्ही एकदम गेले तर संशय क्रँकच्या किंवा कॅमच्या सेन्सरवर जातो, कारण इंजिन फिरते आहे ही बातमीच इसीएमला पोचत नाही. ज्या गाडीत आरपीएमचा काटा आहे तिथे सेल्फ मारताना तो जागचा हलत नाही, ही त्याचीच खूण.

चेक लाइट ही या गाड्यांची वाचाही आहे. आजचे मोबाइलला जोडायचे स्वस्त स्कॅनर त्या पिढीच्या बऱ्याच गाड्यांशी बोलत नाहीत. गाडीने स्वतःचे दोष ठरावीक पद्धतीने सांगण्याची व्यवस्था, म्हणजे ओबीडी, भारतात सक्तीचे झाले ते भारत स्टेज चारबरोबर, २०१० पासून, आणि त्याची दुसरी पायरी २०१३ ची. त्याआधी प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. पण सुझुकीच्या त्या पिढीच्या व्यवस्थेत डायग्नोसिसच्या कपलरमधली ठरावीक दोन टोके वायरीच्या तुकड्याने जोडली की चेक लाइट लुकलुकून आकडे सांगतो: एक लुकलुक, विराम, दोन लुकलुका, म्हणजे १२. हा आकडा दोष नोंदलेला नसल्याचा. १३ ऑक्सिजन सेन्सरचा, १४ आणि १५ पाण्याच्या तापमानाचे, २१ आणि २२ थ्रॉटलचे. एक कागद आणि एक पेन यांखेरीज या चाचणीला काही लागत नाही.

आकडा मिळाला की सेन्सर बदलायचा, ही मात्र ठेच लागणारी सवय आहे. आकडा सांगतो की त्या सेन्सरच्या मंडलात काहीतरी बिनसले आहे. मंडल म्हणजे सेन्सर, दोन किंवा तीन वायरी, दोन कपलर आणि इसीएमची टाचणी. कपलर काढून वायरीच्या बाजूला मोजले तर एका टोकावर ५ व्होल्ट आणि दुसऱ्यावर चांगला अर्थ मिळायला हवा. ते मिळत नसेल तर नवा सेन्सर बसवून काही साधत नाही. थ्रॉटलच्या सेन्सरचा परतीचा आकडा पाय उचललेला असताना अर्ध्या व्होल्टच्या जवळ असतो आणि पॅडल हळूहळू दाबत गेले की चार व्होल्टच्या पुढे सरकतो. वाटेत तो कुठे उडी मारून शून्याला आला तर आतली पट्टी झिजली आहे; मालक ज्याला ‘पिकअप घेताना झटका’ म्हणतो तो तिथला. ऑक्सिजन सेन्सरचा आकडा तापल्यावर ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली व्हायला हवा. आणि अर्धवट गंजलेला जोड जेव्हा खोटा पण पटण्याजोगा आकडा पाठवतो, तेव्हा इसीएम काहीच नोंदवत नाही. लाइट विझलेला आहे म्हणून वायरिंग निर्दोष, असे धरू नये.

उन्हाळ्यात शिरूर कासारसारख्या ठिकाणी एक ठरावीक तक्रार येते. गाडी तासभर चालते, बाजारात पंधरा मिनिटे उभी राहते, आणि मग उठत नाही. अर्ध्या तासाने आपोआप चालू होते. इंजिन बंद केल्यावर हवेचा झोत थांबतो, बॉनेटखालची उष्णता काही काळ वाढतच जाते, आणि क्रँकच्या सेन्सरमधली तुटायला आलेली बारीक कॉइल त्या उष्णतेत फाकते. रिलेतला किंवा इसीएममधला चिरलेला झाळही असेच वागतो. हा बिघाड थंड गाडीत शोधणे व्यर्थ आहे. गाडी मुद्दाम तापवून, उभी करून, बंद पडली की त्याच क्षणी ठिणगी आणि इंजेक्टरचे ठोके बघावेत. मग संशयित सेन्सरवर ओला फडका ठेवून ती चालू होते का ते पाहावे. या चाचणीला धीर लागतो. मालकाला गाडी एक दिवस ठेवून जायला सांगण्याचा अधिकार मिस्त्रीने वापरावा आणि मालकाने तो मानावा.

उडणाऱ्या फ्यूजची गोष्ट वेगळी. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३०. तो दुसऱ्यांदा उडाला की तिसरा लावू नये, आणि त्याच्या जागी मोठा फ्यूज किंवा वायरीची तार तर कधीच लावू नये. फ्यूज वायरीला जपतो. तो मोठा केला की पुढे जळायची पाळी वायरीची, आणि तिच्या शेजारी पेट्रोलची नळी असते. इथे टेस्ट लॅम्पचा दुसरा उपयोग होतो. उडालेल्या फ्यूजच्या दोन पात्यांच्या जागी तो २१ वॅटचा बल्ब लावावा. शॉर्ट कायम असेपर्यंत बल्ब लख्ख जळतो आणि वीज पावणेदोन अँपिअरच्या पुढे जाऊ देत नाही, म्हणजे काही जळत नाही. मग त्या फ्यूजवरचे कपलर एकेक करून काढत जायचे. ज्या कपलरला बल्ब मंदावतो किंवा विझतो, दोष त्याच्या पलीकडे. पत्र्याच्या धारेवर घासलेली वायर, दाराच्या सांध्यात दुमडून तुटलेली वायर, सीटखाली चेपलेली वायर अशी जागा शेवटी हाताला लागते. डझनभर फ्यूज जाळण्यापेक्षा ही पद्धत खरोखर सुंदर आहे.

दोष नेहमी वयाचाच असतो असे नाही. कडब्याच्या गंजीजवळ किंवा कापसाच्या खोलीला लागून उभ्या राहिलेल्या गाडीत उंदीर शिरतात. इंजिनाची ऊब त्यांना मानवते आणि वायरीचे वेष्टण ते कुरतडतात. माणसांनीही वायरिंगला कमी कुरतडलेले नसते. मोठा हॉर्न, जादा दिवे, टेप, रिमोटचे लॉक, आधीच्या मालकाने बसवलेला आणि नंतर काढलेला गॅस किट. गॅस किट इंजेक्टरच्या वायरी तोडून मध्ये बसतो, आणि तो काढल्यावर उरलेले जोड पुढे वर्षानुवर्षे त्रास देतात. सोललेल्या दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळलेला जोड इथल्या उन्हात दोन उन्हाळेही धड काढत नाही; टेपचा डिंक वितळतो, तांबे उघडे पडते, पावसात हिरवे होते. नीट दाबलेला क्रिम्प किंवा झाळलेला जोड आणि त्यावर गरम करून आवळायची नळी, एवढे साहित्य कोणत्याही इलेक्ट्रिकल दुकानात मिळते. इंजिन मोकळे फिरत ठेवून वायरींचे गठ्ठे एकामागून एक हाताने हलवत जावे. ज्या गठ्ठ्याला इंजिन अडखळते, तिथे उघडावे.

चार्जिंगची तपासणी सोपी आहे. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत, हेडलाइट आणि पंखा लावूनही. मीटर एसीवर ठेवून अर्ध्या व्होल्टहून अधिक दिसले तर अल्टरनेटरमधला डायोड गेला आहे, आणि ती लहर सेन्सरांच्या बातम्यांत गोंधळ घालते. खरा धोका एका जुन्या रिवाजात आहे. गाडी चालू ठेवून बॅटरीची कडी काढायची आणि इंजिन चालत राहिले तर ‘डायनामो’ चांगला, असा तो रिवाज. बॅटरी निघताच अल्टरनेटरचा दाब क्षणभर कित्येक पटींनी उसळतो आणि इसीएम जळू शकतो. १२ व्होल्टच्या ट्रॅक्टरवरून वायर जोडून गाडी चालू करायला हरकत नाही, २४ व्होल्टच्या ट्रकवरून मात्र मुळीच नाही. बॉडीला वेल्डिंग करायचे तर बॅटरीची कडी आणि इसीएमचे कपलर आधी काढावेत. पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर धक्का मारून ही गाडी उठत नाही, कारण पंप आणि इसीएम यांनाच वीज नसते. अर्धवट वीज असेल तर न जळलेले पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये जाऊन त्याचे नुकसान होते.

दसऱ्या-दिवाळीला ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांकडे निघतात आणि गावात पुष्कळ घरांना कुलूप लागते. त्यांतल्या काही दारांत गाडी उभी असते, थेट मार्च-एप्रिलपर्यंत. बंद गाडीही थोडी वीज पितेच. घड्याळ, टेपची स्मरणशक्ती, इसीएमची नोंद. निगेटिव्ह कडी आणि खांब यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर लावून हे मोजता येते, आणि ५० मिलिअँपिअरपर्यंत ते ठीक समजतात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी त्या दराने हिशेबाप्रमाणे ७०० तासांत, म्हणजे एकोणतीस दिवसांत रिकामी होते. सेल्फ उचलण्याची ताकद त्याच्या बरीच आधी जाते. चुकीच्या वायरीवर जोडलेला टेप अर्धा अँपिअर ओढत असेल तर ७० तास पुरेत. गळती शोधायला मीटर बघत फ्यूज एकेक काढावेत. आकडा ज्या फ्यूजला पडतो, चोर त्याच वाटेवर. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मारू नये. लांब मुक्कामाला जाताना निगेटिव्ह कडी सरळ काढून ठेवावी, कारण उतरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट कडक होते आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. परत जोडल्यावर इंजिनाची मोकळी चाल काही काळ वरखाली होते. इसीएम ती नव्याने शिकत असतो.

इसीएमवर संशय सर्वांत शेवटी घ्यावा. मेन रिलेकडून येणारी वीज आणि त्याचे सगळे अर्थ भार देऊन तपासले, सेन्सरांच्या बातम्या त्याच्या टाचण्यांपर्यंत नीट पोचतात हे पाहिले, आणि तरी तो हुकूम देत नसेल, तरच पेटी उघडावी. आत ओल, गळलेला कपॅसिटर किंवा जळका ट्रान्झिस्टर दिसतो. असे बोर्ड दुरुस्त करणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. भंगारातला इसीएम घ्यायचा तर पार्ट नंबर तंतोतंत जुळला पाहिजे, आणि गाडीला इमोबिलायझर असेल तर चावीही त्याने ओळखली पाहिजे.

इतकी मेहनत जुन्या गाडीवर करावी का, हा प्रश्न मालकापुढे येतोच. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, ज्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० करण्यात आले. पत्रा सडला असेल, इंजिन ऑइल पीत असेल, तर मोह आवरावा. पण पत्रा आणि इंजिन शाबूत असलेली गाडी निव्वळ विजेच्या बिघाडामुळे भंगारात काढणे हा अन्याय आहे, गाडीवर आणि ज्याने ती पै-पै जमवून घेतली त्याच्यावरही. आयटीआयच्या मेकॅनिक मोटर व्हेइकल या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमातून निघणाऱ्या मुलांना व्होल्टेज ड्रॉपचा हात बसला, तर तालुक्यातल्या तालुक्यातच या गाड्या वाचतील.

दुरुस्ती झाली की नोंदलेले दोष पुसावेत आणि गाडी पूर्ण तापेपर्यंत, खडबडीत रस्त्यावरून, फिरवून आणावी. थंड आणि गरम अशा दोन्ही अवस्थांत सेल्फ मारून पाहावा आणि आकडे पुन्हा वाचावेत. सेल्फ मारतानाचे बॅटरीचे व्होल्ट, इंजिनाच्या अर्थावरचा ड्रॉप, चार्जिंगचा आकडा आणि बंद गाडीची गळती, ही चार मापे तारखेसह एका कागदावर लिहून आरसीच्या पाकिटात ठेवावीत. पुढच्या वेळी गाडी कोणाच्याही हातात गेली तरी त्याला तुलना करायला काहीतरी असेल.